देवाच्या नावाचे वाढीव पुडे

मी गुणवंत रामाजी बारसागडे, वय वर्षे एकसष्ट, धंदा तेंदूपत्त्याच्या फडावरची मुन्शीगिरी, राहणार चामोर्शी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, माझ्या राहत्या घराच्या पडवीत बसून, माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी नाही. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकले आणि "पावसाळ्यापर्यंत पाहू" एवढेच म्हणाले. पावसाळ्याला अजून तीन महिने आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही, नशापाणी दिलेले नाही, की गोड बोलून भुलवलेलेही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे माझा मेहुणा सांगू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कलम १. माझी बायको गुणाबाई यंदा संक्रांतीला वारली. मला दोन मुले. थोरला मुखरू, माझ्याच कंपनीच्या चांद्याच्या ऑफिसात कारकून. धाकटी इंदू, ब्रह्मपुरीस दिलेली. याखेरीज माझ्या मिळकतीवर रक्ताच्या नात्याने कोणाचा हक्क नाही.

कलम २. गुणाबाईची पुतळ्यांची माळ, पाटल्या आणि पाणी भरायचा तांब्याचा मोठा गुंड इंदूला द्यावा. माळेतली एक पुतळी कमी आहे. ती मी अठ्ठेचाळीस साली विकली आणि हरवली म्हणून सांगितले. गुणाबाईला खरे ठाऊक होते आणि तिने ते कधी दाखवले नाही. इंदूने मात्र आता मनात ठेवू नये.

कलम ३. सायकल, कंदील, दौत आणि फडावरची लोखंडी पेटी शेजारी डोमाजीला. चिंचेच्या एका फांदीवरून आम्ही अकरा वर्षे बोललो नाही. फांदी त्याच्याच हद्दीत होती. हे मी जिवंतपणी कबूल करणार नव्हतो, आता करतो. छत्री मात्र त्याला देऊ नये, ती त्याने आधीच नेलेली आहे.

कलम ४. राहते घर मुखरूला, पण कलम ७ मध्ये लिहिलेली अट पुरी केल्यावरच. तोवर घराची किल्ली इंदूकडे राहावी.

कलम ५. घोटच्या रस्त्याला माझी तीन एकर धानाची बांधी आहे. ती कोणाला द्यायची हे लिहिण्याआधी ती माझ्याकडे कशी आली हे लिहिणे भाग आहे. कलमात एवढी लांब हकीकत घालत नाहीत हे मला कळते. पण आयुष्यभर मी लोकांची कामे आखलेल्या चौकटीत बसवली, आता एक गोष्ट चौकटीबाहेर जाऊ द्यावी.

वैनगंगा वनमाल कंपनीच्या कोसमटोल्याच्या फडावर मी सत्तावीस वर्षे मुन्शी होतो. कोसमटोला हे घोटच्या पुढे जंगलातले साठ घरांचे गाव. उन्हाळ्यात गावची माणसे पहाटे जंगलात जाऊन विडीसाठी तेंदूची पाने तोडतात, पुडे बांधतात आणि दुपारी फडावर आणतात. मी ते शेकड्याने मोजून घ्यायचो. तिथली जुनी रीत अशी की शंभर पुड्यांमागे एक पुडा देवाचा. तो मोजणीआधी बाजूला ठेवायचा. तो ठेवल्याशिवाय कोणी आपले पुडे मोजायला देत नाही, तो मोजलेल्यांतून काढून देत नाही आणि उद्यावर टाकत नाही, कारण देवाचे बाकी राहिले तर जंगलात पाऊल कसे टाकायचे, असे ते म्हणतात. हंगाम संपला की त्या पुड्यांचे पैसे गावच्या गायत्याकडे, म्हणजे देवाचे करणाऱ्या म्हाताऱ्या बुधूकडे, जायचे आणि त्यातून जत्रा व्हायची. सत्तावीस वर्षांत या एका पुड्याची लबाडी कोणी केली नाही. मीही नाही, छप्पन्न सालापर्यंत.

त्या साली चैत्रात मॅनेजर बिरजूलालजींनी सगळ्या मुन्शींना चांद्याला बोलावले. म्हणाले, "पुढच्या साली इलेक्शन आहे. दिल्लीचं बी, राज्याचं बी. कंपनीला दोन्हीकडे देणगी द्यावी लागते. नाही दिली तर जंगलाचा ठेका दुसऱ्याच्या घरात जाईल. अन् ही देणगी फडातूनच निघाली पाहिजे, मुन्शीजी, कंपनीच्या खिशातून नाही." मोठमोठ्या कंपन्या आता पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या नियमांत तसे कलमच घालून घेत आहेत, असेही ते कौतुकाने सांगत होते. देणगी देण्यात गुन्हा नव्हता, पावती मिळणार होती. आपल्या कमाईतून दिली असती तर मला त्यावर लिहायला आज एक ओळही नव्हती.

बाकीचे मुन्शी मजुरी कापू म्हणाले. मजुरी कापली तर लोक फड सोडून जातात. तेव्हा मी बोललो. ही अक्कल माझी, कंपनीची नव्हे, हे मुद्दाम लिहितो. मी म्हणालो, "देवाचा एक पुडा देतात, तिथे चार मागू. कोणी नाही म्हणणार नाही." बिरजूलालजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती जागा मला अजून माहीत आहे.

फडावर येऊन मी सांगितले की देवाला नवा मांडव घालायचा आहे, म्हणून यंदा शेकड्याला चार पुडे. सगळ्यांनी दिले. बुधूने हात जोडले. एक पुडा पूर्वीसारखा देवाकडे आणि तीन कंपनीकडे, असा हंगाम सुरू झाला.

बाराव्या दिवशी इसरू कोवाचीची बायको सोनीबाई उशिरा आली. तिच्या मुलीला, इतवारीला, ताप होता. तिने शंभर पुडे आणले होते आणि वर एक. तो एक तिने बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मुन्शीभाऊ, आज तीन नाई झाले. पोरगी तापली आहे. उद्या आणून देतो."

मी म्हणालो, "देवाचं बाकी ठेवत नाई बाई."

एवढेच बोललो. ओरडलो नाही, शिवी दिली नाही. तिच्याच गावची रीत तिला सांगितली. ती पुडे तिथेच ठेवून उरलेल्या तिन्हींची पाने तोडायला नाल्याकडे परत गेली. पाण्यावर पिलांसह अस्वल उतरलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी इसरू आणि गावकऱ्यांना ती सापडली. दोन पुडे बांधलेले होते आणि तिसऱ्याची पाने ओच्यात होती. ते दोन पुडे कोणीतरी फडावर आणून ठेवले आणि मी ते घेतले. कंपनीच्या ढिगावर ठेवले. हे वाचणाऱ्याला कसे वाटेल मला माहीत नाही.

सत्तावन्न साली मार्चात कोसमटोल्याला मांडव उभा राहिला, पण तो निवडणुकीच्या सभेचा होता. तोवर आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो होतो, त्यामुळे कंपनीने नागपूरसाठी काढलेली देणगी मुंबईकडे वळवली. दिल्लीच्या जागेसाठी एकाला दिली आणि मुंबईच्या जागेसाठी समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांनाही. दोघांचीही पोस्टरे माझ्याच पडवीत उतरली होती. ठेका पाच वर्षांसाठी पुन्हा कंपनीकडे आला. मला बक्षीस मिळाले आणि त्याची मी ही बांधी घेतली. मुखरूला ऑफिसात पंख्याखाली खुर्ची मिळाली.

गुणाबाईला मी सगळे सांगितले होते. ती म्हणाली, "देवाच्या नावानं उचललं, अन् बाईचा जीव गेला. त्या बांधीचा भात माह्या ताटात वाढू नका." मरेपर्यंत तिने दुकानचा तांदूळ आणून खाल्ला. एका चुलीवर दोन भात शिजायचे. सुनेला वाटायचे सासू सोवळे पाळते.

कलम ६. ही बांधी मी इसरूच्या नावे करणार होतो. त्यासाठी कच्चा कागद घेऊन मागच्या महिन्यात बैलगाडीने त्याच्याकडे गेलो. सोनीबाई देवाचा वाटा चुकवत होती म्हणून देवाने अस्वल पाठवले, असे गावात धरून चालले होते. त्यापायी इसरूला दंडाचा एक बकरा द्यावा लागला होता आणि इतवारीला बाया पाने तोडायला सोबत नेत नव्हत्या. हे मला दोन वर्षे माहीत होते. मी त्याच फडावर बसत होतो.

इसरूने सगळा कागद ऐकून घेतला. तो सगळ्यांनाच अरेतुरे करतो. म्हणाला, "मले बांधी नको मुन्शी. बांधीतून सोनी येते का वापस?"

मी म्हणालो, "मंग काय पायजे?"

"हा कागद कवा वाचतील?"

"मी मेल्यावर."

"म्हंजे तोवरी माह्या बायकोले चोट्टी म्हणत राह्यतील. काऊन? तू तं जिता आहेस."

मी मरणाच्या आडोशाने कबुली देऊ पाहत होतो, हे त्याने एका वाक्यात उघडे पाडले. मी भित्रा माणूस आहे. पण त्याच दुपारी बुधूने गाव मोहाच्या झाडाखाली बोलावले आणि मी उभा राहून सगळे सांगितले.

मग बुधूने विचारले, "मंग आमचे पुडे गेले कुठी?"

"निवडणुकीत. कंपनीनं उभे राह्यलेल्या लोकांले पैसा देल्ला."

"कोणाले?"

"दिल्लीसाठी एकाले, मुंबईसाठी दोघांले."

"ते दोघं तं एकमेकांच्या विरोधात होते. एकाची लारी सकाळी आली, दुसऱ्याची दुपारी."

"हो."

"मंग कंपनी कोणाकडून होती?"

"जंगलाच्या ठेक्याकडून."

बुधू म्हणाला, "आमी त्या लारीत बसून मत टाकाले गेलो. त्यायचा चिवडा खाल्ला. देवाचाच खाल्ला म्हणा ना."

मला वाटले होते मारतील. निदान थुंकतील. कोणी काही केले नाही. फक्त शकुबाई नावाची म्हातारी उठली, कडेला उभ्या इतवारीचा हात धरला आणि तिला आणून बायांमध्ये आपल्याजवळ बसवले. मला तेव्हा रडू आले आणि लोकांसमोर आले. इसरूला मी दुसऱ्या बाजारी बकरा घेऊन दिला. तो त्याने घेतला, कारण तो त्याचा होता. बांधी घेतली नाही.

म्हणून बांधी मी इतवारीच्या नावे ठेवतो. ती अठराची होईपर्यंत इंदूने ती बटाईने लावावी, धान कोसमटोल्याच्या जत्रेला द्यावे आणि मग इतवारीला विचारावे. बापाने नको म्हटले म्हणून तिचेही नको धरू नये. तिच्या आईला कोणी काही विचारले नव्हते.

कलम ७. घराची अट. वैशाखात पान हाताशी आले की मुखरूने रजा घेऊन कोसमटोल्याला जावे. सोनीबाईच्या नावाचे तीन पुडे स्वतः तोडून, स्वतः बांधून देवापुढे ठेवावेत आणि "हे माझ्या बापाने घेतले होते" असे सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणावे. मजूर लावून आणलेले चालणार नाहीत. कंपनी रजा देत नसेल तर नोकरी सोडावी. नोकरी गेली तरी घर मिळेल. मी वैशाखापर्यंत राहिलो तर मुखरूला त्रास नको, मीच तोडीन. सत्तावीस वर्षांत लाखांनी पुडे मोजले, पण एक पान तोडलेले नाही. इसरू शिकवतो म्हणाला आहे.

कलम ८. माझ्या तेराव्याला कंपनीकडून कोणी आले तर बसवावे, पाणी द्यावे. देणगी घेऊ नये.

खाडाखोडीबाबत. कलम ७ मध्ये मी आधी "चार पुडे" लिहिले होते. एक जास्तीचा दिला तर कमी पडण्यापेक्षा बरा, असे वाटले होते. आज बुधू आणि इसरू चामोर्शीला आले. त्यांना सगळे वाचून दाखवताना इथे इसरूने हात वर केला. म्हणाला, "चार नाई मुन्शी, तीन लिव. पयला तिनं देल्ला होता. तो देवाले पोचला." म्हणून "चार" खोडून "तीन" केले आहे आणि त्यावर माझी सही आहे.

मुक्काम चामोर्शी, दिनांक १६ मार्च १९५८, रविवार.

लिहून ठेवणार, स्वदस्तुर: गुणवंत रामाजी बारसागडे

आमच्यासमोर वाचले, आमच्यासमोर सही केली:

साक्षीदार १. बुधू गायता, राहणार कोसमटोला. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार २. इसरू कोवाची, राहणार कोसमटोला, सोनीबाईचा नवरा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.