बंड्याला स्थळ आलंय

आई,

बंड्याला स्थळ आलंय गं! दोन वर्षं आपल्या शेल्टरमध्ये पडून होता, तीन पायांचा, म्हातारा, आणि कांदिवलीच्या एका बाईंना नेमका हाच कुत्रा हवाय! मी तर उड्या मारतेय. त्या पाचला येतील. नाहूरहून एक जखमी पिल्लू घेऊन मी त्याआधी पोचते. तू बंड्याचं अंग पुसून ठेव. आणि त्याला न्यायला आलेल्या मागच्या दोघांना सांगितलंस तसं 'चावतो' म्हणू नकोस, त्याला दात आहेत कुठे? रोज 'ही ब्याद घालव एकदाची' म्हणतेस ना?

त्याची लसीची फाइल तुझ्या साड्यांखाली सापडली. टेबलावर ठेवलीय. द्यायचा नसेल तर परत साड्यांखाली ठेव. मी आल्यावर आधी कपाट उघडेन, मगच त्यांच्याशी बोलेन.

चेतना