शिडीवरून पडलेली आजी

मुलुंड, १४ मे

प्रिय प्रांजल,

माझं अक्षर तू शेवटचं पाहिलंस ते बहुतेक शाळेच्या डायरीत, 'ताप असल्यामुळे येऊ शकली नाही' असल्या चिठ्ठीत. तीन दिवस मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. बाबांनी विचारलं काय चाललंय, तर मी म्हणाले सोसायटीचा अर्ज. आज मात्र पुरं करूनच उठणार.

मी स्वतः तिथे होते, तरी रविवारच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मला तीन ग्रुपवर आला. बोरिवलीच्या तुमच्या गच्चीवर मांडव, फुगे, मोठा केक, सौरभ चेतनाताईंचे पाय दुधाने धुतोय, 'माझी आई हेच माझं दैवत' म्हणताना त्याचा गळा दाटून येतोय. शेजारच्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, नशीब काढलं हो तुमच्या पोरीने, आईला असं जपणारा मुलगा बायकोलाही फुलासारखा जपतो. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल! त्याला नाही, तुला. तू मागे टॉवेल घेऊन उभी आहेस. मे महिन्याच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, आणि डावा हात पोटाशी धरलेला.

आपल्याकडे मे महिन्यातला मदर्स डे कधी नव्हताच. आपला मातृदिन पिठोरीचा, श्रावणातल्या अमावास्येचा. त्या दिवशी तुझे आजोबा सकाळीच शेवंतीचा हार घेऊन यायचे, कारण आजीचं नाव शेवंती. तिचा फोटो स्वतः पुसायचे, हार घालायचे आणि मग पाटावर बसून इतके रडायचे की तू लहानपणी त्यांना पाणी नेऊन द्यायचीस. चाळीतले लोक म्हणायचे, धोंडूसारखं बायकोला कोणी आठवत नाही. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू मला काय म्हणालीस आठवतं? 'आई, सौरभ अगदी आजोबांसारखा आहे गं. आईचं नाव काढलं तरी डोळ्यांत पाणी येतं त्याच्या.' मी कुकरची शिटी काढायच्या निमित्ताने आत गेले. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

प्रांजल, तुझी आजी शिडीवरून पडून गेली नाही.

मी अकरा वर्षांची होते. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची खोली. माझ्याआधी एक मुलगा होऊन आठ दिवसांत गेला होता, माझ्यानंतर काही झालं नाही. तरी आई पिठोरीचा उपास करायची, माझ्यासाठी. मुलीसाठी कोण करतं, असं बायका म्हणायच्या, ती हसायची. त्या पिठोरीला पहिली पाळी संपवून वडील दुपारी गिरणीतून आले ते पिऊनच. आई माझ्याकडे पाठ करून उभी होती, डोक्यावर खीर-पुरीचं ताट. तिने रिवाजाप्रमाणे विचारलं, 'अतीत कोण?' मी मागून माझं नाव सांगून ताट घ्यायचं होतं. माझं तोंड उघडण्याआधी दारातून वडील बोलले, 'तुझो झील खंय हा? कोणासाठी गो ह्यो उपास?'

मुलगा कुठे म्हणून विचारलं तरी आईने मान वळवली नाही. तिने पुन्हा विचारलं, 'अतीत कोण?' एवढाच तिचा गुन्हा.

त्यांनी तिच्या कमरेत लाथ घातली. ती तोंडावर पडली, गरम खीर तिच्या मानेवर सांडली. ती उठायला लागली तसे त्यांनी तिचे केस धरले आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानाच्या वर. तिसऱ्याला आईचा आवाज थांबला. चौथा कशासाठी होता ते मला सत्तेचाळीस वर्षांत कळलेलं नाही. मी भिंतीला चिकटून उभी होते आणि माझ्या पायांवर खीर होती की आणखी काय, मी खाली पाहिलंच नाही.

मग ते एकदम शांत झाले. मोरीत बसून त्यांनी वरवंटा धुतला, हात धुतले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, 'शिडयेवरसून पडली असा सांग.' आमच्या भिंती पत्र्याच्या, सगळ्या चाळीने ऐकलं होतं. पण पोलीस यायच्या आत पलीकडच्या खोलीतून दोघांनी शिडी आणून आमच्या भिंतीला टेकवली. मुलगी उघड्यावर पडेल, बाप आत गेला तर हिला कोण सांभाळणार, असं ते आपसात बोलत होते. चांगलेच लोक होते, नंतर वर्षभर त्यांनी मला जेवू घातलं. हवालदाराने मला जवळ घेतलं, हळू विचारलं, बाळ, आई कशी पडली? मी शिडीकडे बोट दाखवलं. त्याने लिहून घेतलं.

आमच्या खोलीला माळा नव्हता. शिडी चढून ती जाणार कुठे होती? हे कोणीच विचारलं नाही. विचारलंस ते तू. आजोबा गेले त्या वर्षी, नऊ वर्षांची असताना, त्या खोलीचा जुना फोटो हातात घेऊन तू म्हणालीस, 'आई, इथे तर माळाच नाही.' आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. तुझा ओठ फुटला, शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर रक्त पडलं. मी आयुष्यात तुझ्यावर हात उचलला तो तेवढाच, आणि तोही खरं बोललीस म्हणून. त्यानंतर तू कधी काही विचारलं नाहीस. प्रश्न गिळायला मीच तुला शिकवलं. आता तू माझ्यापाशीही काही बोलत नाहीस, याचं मला नवल वाटत नाही.

रविवारी पाय धुण्याआधी मी पाणी आणायला खाली तुमच्या घरात आले होते, हे तुला माहीत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. केकवर चेतनाताईंच्या नावात चूक झाली म्हणून तो तुला विचारत होता. आवाज चढलेला नव्हता, हेच मला भयंकर वाटलं. त्याने तुझा डावा हात मागे पिरगळून तुला फ्रिजवर दाबलं आणि बरगडीखाली बुक्की मारली. मग आणखी एक. सराईतासारखं, कपड्यांनी झाकलं जाईल तिथे. तू ओरडली नाहीस, फक्त तुझा श्वास अडकल्याचा आवाज आला. माझ्या हातात स्टीलचा जग होता. दोन पावलं टाकली असती तर तो त्याच्या डोक्यात घालता आला असता. माझा हात वरही गेला होता. आणि माझे पाय, प्रांजल, भिंतीला चिकटले. मी तशीच मागे फिरले, गच्चीवर आले, आणि दहा मिनिटांनी त्याने आईचे पाय धुतले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तू जेवताना हात वर उचलू शकली नाहीस तेव्हा चेतनाताई मला म्हणाल्या, फ्रिजच्या दारावर आपटली हो, फार धांदरट आहे. त्यांची नजर ताटावरच होती. मी मान डोलावली.

शेवटी काल रात्री बाबांना सगळं सांगितलं, आजीचंही. ते उठून तुझी खोली झाडायला लागले.

हे मी फोनवर सांगू शकले नसते, कारण तुझा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि मेसेज तुझ्याआधी तो वाचतो, हे मला आता कळतंय. म्हणून हे पत्र आपल्या वरच्या मजल्यावरची अपूर्वा तुला अंधेरीच्या ऑफिसात हातात देईल. ती वकील आहे, तिला सगळं माहीत आहे. वाचून तिच्याकडेच परत दे, घरी नेऊ नकोस. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी आणि बाबा तुझ्या ऑफिसच्या फाटकाशी टॅक्सी घेऊन उभे असू. बोरिवलीहून काही आणायचं नाही, त्याला संशय येईल. फक्त आधार कार्ड आणि सर्टिफिकेटं पर्समध्ये ठेव. तक्रार करायची की नाही ते तू ठरव, आज नाही तर महिन्याने ठरव. मी मात्र रविवारी पाहिलं ते सगळं लिहून सही केली आहे, आणि जो कोणी विचारेल त्याला तोंडाने सांगणार आहे. तुला काही बोलावं लागणार नाही, काही समजावून द्यावं लागणार नाही. तू नुसती खाली उतर.

तुझीच,
आई