परवान्यात नसलेला नारळ

समाधानदादा,

हे मी तुला पाठवेनसं वाटत नाही.

तू नेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलेलं बिलांचं सॉफ्टवेअर मी माझ्या वेबसाइटवर विकते. तुझ्या परवान्यात विकायची मुभा आहे, वकिलांनीही बघितलंय. मग चोरी केल्यासारखं का वाटतंय?

काल खंडेनवमीला, ते माझ्याकडून विकत घेतलेल्या चाकणच्या रंगरावांनी वर्कशॉपमध्ये लेथसोबत कॉम्प्युटरचीही पूजा केली. "हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आमच्या ताई," म्हणत कामगारांसमोर मला नारळ दिला. तुझं नाव सांगायला मी तोंड उघडलं आणि "थँक्यू" म्हणाले.

विक्रीचं परवान्यात आहे रे, नारळाचं काहीच नाही!

आज आई चटणीसाठी तो फोडायला निघाली, तर मी ओरडलेच, "ठेव, तो दादाचा आहे!"

हेच वाक्य काल कुठे गेलं होतं?

तुझीच,
विजयश्री