शाई भरलीय, चिपचं ऐकू नका

अप्पा,

रातभर आईजवळ बसून आलात, म्हणून उठवलं नाय. मी दवाखान्यात चाललेय. ऑपरेशनच्या आधी आईच्या आधार कार्डाची प्रत द्यायचीय, तेवढी काढून घेऊन या.

काळी शाई मी भरलीय. तरी प्रिंटर 'कार्ट्रिज रिकामं' असंच म्हणंल. त्याच्या चिपला आतली शाई दिसत नाय, ती नुसती छापलेली पानं मोजते. बटण जरा दाबून धरा, मग गुमान छापंल. मागं तिचं ऐकून तुम्ही भरलेल्यात आणखी शाई ओतली होती. तुमचा तो शर्ट आईनं लिंबू घासून घासून धुतला, तरी खिशाखाली डाग हायच.

ओट्यावर पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. चिप भरलेल्या कार्ट्रिजला रिकामं म्हणते, अन् तुम्ही उपाशी राहून 'जेवलो' म्हणता. चिपचं खपवून घेते, तुमचं नाय. शुद्धीवर आली की आई आधी तेच विचारंल, अन् तिच्यापुढं मला खोटं बोलता येत नाय.

तुमची,
सोनी