पाहुणी वेल

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे दोघं नवराबायको द्रोणागिरीत! सातवा मजला, खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात. मनाली म्हणते, जिराफ पाळलेत की काय यांनी! नोकरीही मनासारखी. गोदामात थाटलेली छोटी कंपनी; झाडपाल्याचे अर्क काढायचे आणि नागिणीच्या, म्हणजे विषाणूमुळे अंगावर पट्ट्याने उठणाऱ्या फोडांसाठी मलम बनवायचं. पाला निवडायला जवळच्या गावातल्या सुंदराबाई येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आग्रह करकरून तांदळाची भाकरी खाऊ घातली.

९ नोव्हेंबर
घ्या, मनालीलाच नागीण उठली. कमरेला डावीकडे फोडांचा पट्टा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण कपडा लागला तरी कळवळते. मला बघवत नाही. सुंदराबाई म्हणाल्या, खारीकाठची येल लाव, पन आदल्या सांजेला तिला आवतन दे; कोनासाठी न्यायची, किती दिसांसाठी, ते सांग, मंगच हात लाव.

१० नोव्हेंबर
संध्याकाळी खाडीकाठी जाऊन त्या वेलीला अक्षता वाहून आलो. झाडापुढे हात जोडताना हसूच येत होतं. दिवस वगैरे सांगायचे राहिले. पाहुण्यांना म्हणतो तेच तोंडून गेलं : या, घर आपलंच समजा, सावकाश राहा.

१२ नोव्हेंबर
कमाल! काल वेल तोडून आणून तिचा अर्क लावला, आज फोड सुकले. मनाली पोटभर जेवली, वर मला धन्वंतरी म्हणून चिडवून झालं. मीही उगाच फुशारलो.

१५ नोव्हेंबर
खपली पडली. खाली कातडी हिरवट. पट्टा पाठीवरून उजवीकडे वाढत गेलाय. दुखत नाही म्हणते. जेवण नको, नुसतं पाणी मागते आणि उन्हात बसून राहते.

१७ नोव्हेंबर
पट्ट्यातून कोंब फुटलेत. एक चिमट्याने ओढला, ती किंचाळली. रक्त नाही, पांढरा चीक आला. हॉस्पिटलात न्यायला निघालो, तर उंबरठा ओलांडताच तिचा श्वास थांबला. आत आणली, पुन्हा सुरू झाला. दोनदा केलं. दोन्ही वेळा तेच.

१८ नोव्हेंबर
सुंदराबाईंना सगळं सांगितलं. मी वेलीला काय म्हणालो ते त्यांनी पुन्हा विचारलं आणि कपाळाला हात लावला. निशांत, दिस का नाय सांगितलेस, म्हणाल्या. ऱ्हा म्हटलेल्या पाव्हनीला जा कोन म्हननार? पट्ट्याचं टोकाला टोक भिडलं का मानूस गेलं. घरी यायला त्या तयार नाहीत.

१९ नोव्हेंबर
टोकांत चार बोटांचं अंतर. भीती वाटते. मीच बोलावलं. मीच —

२० नोव्हेंबर
दोन बोटं. तिच्यापुढे, तिच्या अंगातल्या त्या वेलीपुढे, डोकं टेकलं. हिला सोड, माझ्यात ये म्हणालो. मनापासून —

२१ नोव्हेंबर
मनगटावर फोड! आनंदाने रडलो. धावत गेलो —
मनालीचा पट्टा तसाच. टोकं भिडलीत. तिला सोडलं नाही, मलाही धरलं —

ऊन फिरतं तशी तिची मान फिरते. हाक मारतो, बघत नाही. मनाली, एकदा तरी इकडे — मी इथेच आहे गं, मी —
बोटं वळेनात —
मना