परदेशी जाणारी प्रत

वाल्देसालीनास,
२ जून १९८६

चि. फेर्मीन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुम्ही तिघेही बरे असाल असं धरून चालते, कारण तू पत्र लिहिशील तेव्हा खरं.

पावाची भट्टी चालू आहे. अन्सेल्मोची पाठ धरली होती, आता कणीक मळायला उभा राहतो. बाकी तो नेहमीसारखाच. दिवसभरात जे काही बोलतो, त्यातलं निम्मं खेचराशी. मिठागरं यंदा बंद झाली. मालकाने विकली आणि नवा मालक ती बुजवणार म्हणतात.

आता मुद्द्याचं. गाव जमतो त्या टेलिक्लबातल्या टीव्हीला व्हिडिओचं यंत्र जोडलं आहे. बासिलिसाची न्येवेस तिथली अध्यक्ष. तिला कुठून तरी कळलं की बहात्तर साली आपल्या मिठागरात काढलेला तो भुताचा सिनेमा जर्मनीत कॅसेटवर मिळतो. सान रोकेच्या जत्रेत तो गावाला दाखवायचा, असं तिने ठरवलं आहे. ती तुला लिहील. तू तिला कळव की मिळाला नाही.

कारणही सांगते, कारण हे फक्त तुलाच अडवता येईल. सिग्वेन्साच्या थिएटरात लागली होती ती आपल्या देशासाठीची प्रत. तीत आम्ही गावातल्या बाराजणी भुतं होऊन, चादरी गुंडाळून खाऱ्या पाण्यातून वर येतो. सेन्सॉरला ते चाललं. गोष्ट हंगेरीत घडते असं दाखवलं होतं, कारण आपल्या देशात मेलेली माणसं उठत नाहीत असं तेव्हाच्या सरकारचं मत होतं. पण त्याच दुपारी दिग्दर्शकाने ते दृश्य पुन्हा घेतलं, परदेशी जाणाऱ्या प्रतीसाठी. चादरींशिवाय. तेव्हा सगळेच सिनेमावाले असं करत. ती प्रत सरहद्दीच्या अलीकडे कधी येणार नाही, असं त्याने आम्हाला शपथेवर सांगितलं. परदेश म्हणजे परके लोक, असं आम्ही धरलं.

अन्सेल्मो तेव्हा तुझ्याजवळ तिकडे जर्मनीत कामाला होता. त्याला हे ठाऊक नाही. इतकी वर्षं मी बोलले नाही. आणि आता रोज माझ्या हातून पाव नेणाऱ्या लोकांमध्ये, नवऱ्याच्या शेजारी बसून ते बघण्याची माझी तयारी नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी ताई,
कासिल्दा


वाल्देसालीनास,
९ जून १९८६

ती. फेर्मीनकाका,
शि. सा. न. वि. वि.

मी बासिलिसाची धाकटी. मागे आपण भेटलो तेव्हा मी तुमच्या नव्या गाडीत ओकले होते. आता मोठी झाले आहे आणि ग्वादालाहाराला शिक्षिकेचं शिकते.

कासिल्दाकाकूंनी माझा बेत कळवला असेलच. मला हे जुने भुताचे सिनेमे मनापासून आवडतात. वर्गातली मुलं हसतात, वटवाघळाची दोरी दिसते म्हणून. मला ते दोरीसकट आवडतात. ज्यांनी ती दोरी धरली असेल ते थंडीत किती वेळ उभे राहिले असतील, हे मनात येतं. शिवाय आपल्या सिनेमाचं वेगळं आहे. ते लोक सप्टेंबरात आले आणि नोव्हेंबरपर्यंत राहिले, त्यामुळे मिठागर चालू असताना त्यात दिसतं, असं ऐकलं. रहाट, खेचरं, मिठाचे ढीग. दुसऱ्या कुठल्याही चित्रात ते चालतं-फिरतं उरलेलं नाही, आणि पुढच्या वर्षी तिथे नुसती माती असेल.

गंमत गावातल्या बायकांची आहे. आई म्हणते, सिनेमा भिकार आहे. युफ्रासियाकाकू म्हणतात, बघितला की पित्त होतं. तुमच्या ताई म्हणतात, कॅसेटच्या फितीला बुरशी लागते. चर्चमध्ये फुलं कुठली ठेवायची यावरसुद्धा ज्यांचं कधी जमलं नाही, त्यांचं यावर बरं जमलं. तुम्ही कृपा करून पाठवाच.

मोठ्यांनी माझ्यावर रागावू नये, ही विनंती.
आपली,
न्येवेस


हानाऊ,
२९ जून १९८६

ती. ताईस,
फेर्मीनचा सा. न. वि. वि.

तुझं आणि न्येवेसचं पत्र पाठोपाठ मिळालं. कॅसेट इथे कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. दुकानदार ग्रीक आहे. दर शनिवारी मी त्याच्याकडून आपल्याकडचा एखादा जुना भुताचा सिनेमा घरी आणतो. बायको म्हणते, वेड लागलं.

लागलं असेल. ते सिनेमे करणाऱ्यांकडे पैसा नव्हता, वेळ नव्हता, म्हणून धुकं भरपूर. तोच किल्ला प्रत्येक सिनेमात, कधी हंगेरीत तर कधी फ्रान्समध्ये, आणि त्याच्या पायऱ्यांवर आपली हाडकुळी मांजरं. सरदाराचा झगा कोपरावर विरलेला. फीत झिजून रक्त नारिंगी झालेलं. आणि तरी एक क्षण येतो. मेलेला माणूस दारात उभा राहतो, कुणी बोलत नाही, आणि वारा मात्र खरा असतो, कारण तो आपल्या पठारावरचा आहे. तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, तो भीतीचा नाही. ग्रीक मला म्हणाला, तुमची भुतं फार सावकाश चालतात. मी म्हटलं, त्यांना माहीत असतं, गाव सोडून कुणी लांब जात नाही. तो म्हणाला, हे तू मला हानाऊत उभा राहून सांगतोस.

आता पुढचं बसून वाच. ती प्रत आम्ही पाहिली आहे. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत, स्टेशनजवळच्या थिएटरात. बाहेर लावलेल्या चित्रांत कुणीतरी आपल्या चर्चचा मनोरा ओळखला. मग गावचे जेवढे इथे होते तेवढे सगळे गेलो. बासिलिसाचा नवरा होता. युफ्रासियाचे दोघे भाऊ होते. अन्सेल्मोभाऊजी माझ्या शेजारी होते.

तुम्ही परदेशासाठी वेगळी प्रत केलीत, ताई, आणि तुमचा निम्मा गाव परदेशातच होता.

तुमच्या तोंडाला मिठाचा लेप होता, केस झाकलेले होते. कोण कुठली ते मला कळलं नाही, मी शोधलंही नाही. पण या आपल्याच गावच्या बायका, हे आम्हा सगळ्यांना पहिल्या पावलाला कळलं. थिएटरातली माणसं आधी शिट्ट्या मारत होती. मग त्यांनी थांबवल्या. तुम्ही कुणाला भीती घालत नव्हतात, कुणाला लाजत नव्हतात. कामावर निघाल्यासारख्या पाण्यातून चालत आलात. त्यानंतर मी पुष्कळ सिनेमे पाहिले. इतकं चांगलं दृश्य एकातही नव्हतं.

बाहेर आल्यावर आम्ही पुलापर्यंत चालत गेलो. तिथे भाऊजी म्हणाले, "पाणी फार गार असणार." आणखी काही नाही. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. सगळे. त्यावर आजतागायत कुणी शब्द काढलेला नाही, इथे नाही आणि सुट्टीत गावी आल्यावरही नाही.

ग्रीकाकडून कॅसेट विकत घेऊन ठेवली आहे. तू म्हणशील तर पाठवतो. नको म्हणालीस तर न्येवेसला बुरशीचं कळवतो.

तुझ्या मनातली माझी जागा हलू देऊ नकोस.
तुझा,
फेर्मीन


वाल्देसालीनास,
११ जुलै १९८६

चि. फेर्मीन यास आशीर्वाद.

तुझ्या पत्रानंतर माझे पाव करपले. अन्सेल्मोने विचारलं काय झालं, मी म्हटलं लाकडं ओली आहेत. जुलैत.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत मला तिकडून एक लोकरीचा कोट आला होता. जाड, आतून अस्तर लावलेला. मी अन्सेल्मोला रागावून लिहिलं होतं, की ही उधळपट्टी कशासाठी. उत्तरात त्याने तिकडे बर्फ पडल्याचं कळवलं आणि कोटाचं नावही काढलं नाही. मला वाटलं, रुसला.

बासिलिसाला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ती रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, की तिचा नवरा दुसऱ्या रविवारीही नक्की गेला होता ना.

पाठव.
ताई


वाल्देसालीनास,
१९ ऑगस्ट १९८६

चि. फेर्मीन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. कॅसेट नीट पोचली. यंत्रात बसली. शेवटपर्यंत मनात होतं, की बसू नये.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं आणि झोपा झाल्यावर, टेलिक्लबच्या खिडक्यांना घोंगड्या लावून दाखवलं. बायका एका बाजूला बसतील असं मला वाटलं होतं. पण जी ती आपापल्या नवऱ्याशेजारी, नाहीतर भावाशेजारी जाऊन बसली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मिठागर सुरुवातीलाच आलं. रहाट फिरायला लागला तसा म्हातारा ओनोफ्रे एकेका खेचराचं नाव मोठ्याने घेऊ लागला, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही. मेलेली आहेत ती सगळी. किल्ला आला तेव्हा लोक हसले. वटवाघळाला टाळ्या मिळाल्या. सरदार जर्मन बोलतो, ते आम्हाला आमच्या प्रतीतल्यापेक्षा बरं वाटलं. निदान कळत नव्हतं.

मग पाणी आलं. न्येवेसच्या ध्यानात आलं तशी ती यंत्र बंद करायला उठली. बासिलिसाने तिला खाली बसवलं आणि सांगितलं की राहू दे, बघ नीट. त्यानंतर खोलीत फक्त वाऱ्याचा आवाज होता. तू लिहिलंस ते खरं आहे. मला वाटलं होतं की मला लाज वाटेल. मी बघत राहिले. आम्ही चांगल्या चालत होतो.

अन्सेल्मोने माझ्याकडे मान वळवली नाही. पहिली पाण्यातून वर आली. दुसरी आली. तिसरी आली तेव्हा त्याने माझा हात धरला, आणि ती चित्राबाहेर जाईपर्यंत धरून ठेवला. मग सोडला.

बाराही जणींची तोंडं मिठाने सारखी केलेली होती, फेर्मीन. तिसरी मी होते.

सूनबाईंना आणि मुलाला प्रेम. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुझी ताई,
कासिल्दा