चुलीवरचे कागद

मोठे गुरुजी,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचं नाव काढलं तर शाळेतली पोरं "कोण?" म्हणून विचारतात. बरं वाटतं मला ते ऐकून. खोटं कशाला बोलू, तुमच्या मातीला मी आलो होतो तो खांदा द्यायला नव्हे, खात्री करून घ्यायला. पण डूख काही तुमच्यासोबत गेला नाही. वैनगंगेच्या काठच्या ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस मी, हाती लागलेलं सोडायची आमच्यात रीत नाही. म्हणून आज लिहायला बसलो. अक्षराचं वळण तुमचंच आहे, पाटीवर हात धरून तुम्हीच गिरवून घेतलं होतं, तेवढं मान्य करतो. बाकी काही मान्य नाही.

तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि आमच्या गावातून मॅट्रिक झालेला मी पहिलाच. दाखला घेऊन घरी आलो तर मायनं तो दोन्ही हातांनी घेतला, उलटा धरून पाहिला, कपाळाला लावला. मग बांबूच्या एका नळीत गुंडाळून घातला, नळीच्या तोंडाला चिंधीचा बोळा कोंबला आणि चुलीवरच्या शिंक्यात, सुकल्या झिंग्यांच्या टोपलीला लागून टांगून दिला. आमच्या घरांत जे जीव लावून राखायचं ते तिथंच राहतं. धानाचं बियाणं तिथं, जाळ्याचं सूत तिथं, पावसाळ्याची मासोळी तिथं. "धुरावर राह्यलं त कसर नाई लागत, वाळवी नाई लागत, बापू," माय म्हणाली. "बियाणं राह्यते, मंग कागद काऊन नाई राहणार?" मला तेव्हा तिच्यापेक्षा शहाणं जगात कोणी वाटलं नाही.

नागपूरच्या कॉलेजला दाखल्याच्या नकलेवर तुमची सही हवी होती आणि चालचलणुकीचं प्रमाणपत्र हवं होतं. मी ती नळी बगलेत मारून चालत तुमच्या हापिसात आलो. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही खुर्चीत बसलेले, मागं भिंतीवर नकाशा, दाराशी चपराशी. मी बोळा काढतो, कागद तुमच्यापुढं उलगडतो, आणि तुमचा हात कलमाकडं जायच्या ऐवजी खिशाकडं जातो. रुमाल निघतो, नाकावर जातो.

"हा दाखला आहे की मासळीबाजार?" तुम्ही म्हणालात. चपराशी फिस्सकन हसला. "असले कागद विद्यापीठात पाठवून शाळेची शोभा करायची का? आठ दिवस उन्हात वाळव. वास गेला की ये, मग सही."

आर्द्रा नक्षत्र लागलेलं, गुरुजी. ऊन मी कुठून आणायचं होतं? तुमच्या घरून? गणितात मी पहिला आलो तेव्हा ह्याच हातानं तुम्ही माझी पाठ थोपटली होती, त्या वेळी माझ्या सदऱ्याला कसला वास येत होता? तुम्ही दुसरा कागद ओढून लिहायला लागलात.

घरी येऊन सांगितलं तर मायनं नळी माझ्या हातून ओढून घेतली. "माह्याच हातानं नासवलं रे मी, माह्याच हातानं." आठ दिवस ती तो दाखला पदराखाली धरून फिरली, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवून पाहिला, तुळशीजवळ ठेवून पाहिला. नवव्या दिवशी मी परत आलो आणि तुम्ही न हुंगता सही केली. हुंगलासुद्धा नाही हो! पण वैनगंगा तोवर दोन्ही थड्या भरून चालली होती. बापानं तीन दिवस पाण्याकडं पाहिलं, चौथ्या दिवशी डोंगा घातला आणि मला पार केलं. तिथून मूलपर्यंत पायी, मूलहून रेल्वेनं नागपूर. कॉलेजातल्या बाबूनं माझे कागद हातातही घेतले नाहीत. परवाच यादी बंद झाली म्हणाला. माय पुढं पंधरा वर्षं जगली. पोराचं शिक्षण आपण बुडवलं, हे मनात धरूनच ती गेली. तुमचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. म्हणून मी घेतो.

मास्तरकीचं ट्रेनिंग करून मी शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत लागलो आणि उट्टं काढायला सुरुवात केली. उन्हाळा आला की पायी गावोगाव हिंडायचो. मॅट्रिकला बसलेलं ढिवराचं पोर असो, गोंडाचं असो, मजुराचं असो, त्याचा अर्ज मी भरायचो आणि निकाल लागला की बापाच्या डोंग्यातून त्याला नदीपार करायचो. आर्द्रा लागायच्या आत पार, हा माझा कायदा. आणि प्रत्येकाच्या मायला बजावून सांगायचो, कागद चुलीवर टांग, चांगला धूर खाऊ दे. मग तो गठ्ठा घेऊन मी स्वतः तुमच्या टेबलापुढं. पहिल्या वर्षी तुमचा रुमाल निघाला, आठवतं? "वास येतो का, साहेब?" मी विचारलं. "सही करा. नाही तर हेच कागद तहसील कचेरीत नेतो आणि का नाकारले ते सगळ्यांदेखत सांगतो." तुम्ही सही केलीत. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पोरांना नागपूरला टिकवणं सोपं नव्हतं. करमत नाही म्हणून एक जण वसतिगृहातून पळून आला, त्याला बखोट धरून परत पोचवला. इंग्रजीत नापास होऊन बसलेला एक जण रडत म्हणाला, "गुरुजी, मले नाई जमत, जाऊ द्या." मी म्हणालो, "अबे, मी तुह्यासाठी करून राह्यलो असं वाटते का तुले? उठ!" तो उठला.

तिसऱ्या वर्षी सगळ्या सह्या झाल्यावर तुम्ही ड्रॉवर उघडला आणि एक कोरा अर्ज माझ्याकडं सरकवला. "शिक्षकांना बाहेरून विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येतं," तुम्ही खाली पाहत म्हणालात. "शिफारशीची सही केली आहे. तुमचं नाव तेवढं भरा." भरा म्हणालात, भर नव्हे. जन्मात पहिल्यांदा. माझ्या अंगाची आग झाली. भीक घालता काय मला? मी अर्ज उचलला, राम राम न करता निघालो आणि घरी येऊन नळीत कोंबून चुलीवर टांगला.

पुढं जिल्हा मुंबई राज्यात गेला, तुम्ही रिटायर होऊन खाटेला खिळलात, आणि मी नदीपार केलेल्यांतला पहिला पोरगा बी.ए. झाला. इंग्रजीत रडणारा तोच. डिगरी घेऊन माझ्याकडं आला. मी म्हणालो, आठ दिवस ही चुलीवर टांग, मग आपण मोठ्या गुरुजींच्या खाटेजवळ जाऊ, त्यांच्या नाकाशी उलगडू. कधीपासून ह्या दिवसाची वाट पाहत होतो मी!

"नाई गुरुजी," तो म्हणाला. "मायनं माहे कागद चुलीवर टांगले ते राहावं म्हणून. तुमी टांगता ते खुन्नस म्हणून. माह्या डिगरीले तुमचा धूर नोको."

मी त्याला दारातून हाकलून दिलं. महिन्याभरात तुम्ही गेलात, डिगरी न पाहता. सुटलात.

त्यानंतर पुष्कळ पोरं पदवीधर झाली, आज त्यांची नातवंडं मला भेटायला येतात. मी मात्र मॅट्रिक मास्तर म्हणूनच पेन्शनीत निघालो. मागची चूल अजून आहे. सकाळी नळी काढली आणि तुमचा तो अर्ज उलगडला. कागद तांबूस झाला आहे, सही शाबूत आहे. मायचं म्हणणं खरं होतं, कसर लागली नाही. मायच्या त्या आठ दिवसांची माफी तुम्हाला नाही, ती मी कधी देणार नाही. हे पत्रही तुम्हाला पाठवायचं नाही, ह्याच नळीत ठेवून देतो.

पण एक सांगतो, कारण ऐकायला तुम्ही नाही. दरवर्षी इतरांचे अर्ज भरताना माझ्या हातात कलम होतं, आणि तुमची सही डोक्यावरच टांगलेली होती. नाव तेवढं भरायचं होतं. भरलं असतं तर तुमच्यावर दात धरायला माझ्याकडं काही उरलं नसतं, म्हणून भरलं नाही. पास झालो असतो मी, गुरुजी. तेव्हाही मला ते ठाऊक होतं.